आंब्याच्या धंद्यात इस्लामी मूल्ये आणायची तर सुरुवात कुठून करावी?

अस्सलामु अलैकुम भाऊ,

तुम्ही काय विचारले ते आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे हे उत्तर कशाला आहे ते बाकीच्यांनाही कळेल. राजापूरकडे तुमचा घरचा आंब्याचा धंदा. स्वतःची कलमे थोडी, बाकीच्या बागा कराराने घेतलेल्या. हंगामात बागेवर नेपाळी गडी, पॅकिंगच्या शेडमध्ये गावातल्या बायका, त्यांत हिंदू जास्त, आपल्या थोड्या. अब्बांनी यंदा कारभार तुमच्यावर सोपवला. त्यातच परदेशातल्या एका खरेदीदाराने लांबलचक फॉर्म पाठवला: मजुरी किती देता, कामाचे तास किती, कोणते औषध कधी फवारले, पाणी कुठले, झाडांची निगा कशी राखता. चाचा म्हणतात, शेडमध्ये नमाजची जागा करा, शुक्रवारी सुट्टी द्या, दारावर आयत (कुराणातले वचन) लावा. भाऊ म्हणतो, असे केले तर गडी बिचकतील. आणि तुम्ही विचारता की कामाच्या ठिकाणी इस्लामी मूल्ये खरोखर आणायची तर पहिले पाऊल कोणते, आणि खरेदीदार ज्याला शाश्वत धंदा म्हणतो त्याच्याशी ती जुळतात का.

जुळतात, आणि चांगली जुळतात. पण चाचा आणि भाऊ ज्यावरून वाद घालताहेत ती गोष्ट नंतरची आहे. माझ्या मते तुमच्या धंद्यात इस्लामची कसोटी तीन ठिकाणी लागते: गड्याच्या उचलीत, बागेच्या करारात आणि पेटीच्या खालच्या थरात. या तिन्ही ठिकाणी समोरचा माणूस तुमच्यापेक्षा कमजोर असतो किंवा त्याला आतले दिसत नसते. दारावरची आयत सगळ्यांना दिसते, म्हणून ती लावायला सोपी असते.

मी आलिम, म्हणजे धर्मशास्त्राचा पंडित, नाही. उमेदीची वर्षे दुबईत बांधकाम कंपन्यांच्या कामगार विभागात नोकरी केली आणि परत आल्यापासून रत्नागिरी-राजापूर पट्ट्यातल्या बागायतदारांचे हिशेब आणि करार पाहतो. त्यामुळे व्यवहार कसा चालतो हे मी खात्रीने सांगेन. फिकहचा, म्हणजे इस्लामी कायद्याचा, बारीक प्रश्न येईल तिथे तुमच्या जमातीच्या आलिमांना विचारा. आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई मजहबाचे, म्हणजे त्या कायदेपरंपरेचे. उत्तरेकडच्या उर्दू पुस्तकांत जो मसला वाचता तो पुष्कळदा हनफी असतो, आणि फळांच्या व्यवहारात या दोन मजहबांत फरक आहे, हेही ध्यानात असू द्या.

दुबईतली एक गोष्ट सांगतो, कारण चाचांना ती पटेल. एका कंपनीच्या कामगार वस्तीत नमाजचा हॉल देखणा होता, वुजूच्या (नमाजआधी हातपाय धुण्याच्या) जागेला संगमरवर होता, आणि पगार दोन-दोन महिने उशिरा होत होता. कामगार त्याच हॉलमध्ये मालकाविरुद्ध दुआ मागायचे. 2009 साली तिथल्या सरकारने पगार बँकेमार्फतच द्यायचा आणि त्याची नोंद सरकारला दिसायची असा नियम आणला. त्या एका नियमाने जे साधले ते त्या हॉलने साधले नव्हते. नमाजची जागा नको असे मी म्हणत नाही, तिच्याबद्दल पुढे सांगतो. क्रम चुकू नये एवढेच.

आता उचल. आपल्याकडची चाल तुम्हाला माहीतच आहे. दिवाळीच्या आगेमागे गडी येतात. येण्याआधी त्यांच्यातल्या एका जुन्या माणसाच्या हाती उचल गेलेली असते. गडी बागेतल्या खोपीत राहतो, रान बेणतो, फवारणीचा पाइप ओढतो, वानर हाकतो, रात्री राखण करतो आणि फळ तयार झाले की झेल्याने उतरवतो. आठवड्याला त्याला किराण्यापुरती खर्ची मिळते. बाकीचा पगार मालकाकडे साचत जातो आणि पाऊस लागायच्या सुमारास, गावी निघताना, हिशेब होतो. त्या वेळी वही उघडते ती मालकाची. गड्याकडे वही नसते. किती दिवस भरले, उचल किती फिटली, आजारपणाचे किती दिवस कापले, हे मालक सांगेल ते.

मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, ही हदीस, म्हणजे पैगंबरांचे वचन, आपल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. इब्न माजाच्या संग्रहात ती आहे. मग जूनमध्ये हिशेब करणे हराम का? इथे परिस्थिती पाहावी लागते. गड्याचे बँकेत खाते नसते, खोपीत पैसे ठेवायची त्याला भीती वाटते आणि हातात आले तर खर्च होतील म्हणून तो स्वतःच म्हणतो, मालक, तुमच्याकडेच राहू द्या. असे असेल तर ती रक्कम तुमच्याकडे त्याची अमानत झाली. अमानतीला हात लावता येत नाही. त्या पैशातून तुम्ही खोके आणले, औषध आणले, डिझेल भरले तर ती अमानत राहिली नाही. तुम्ही गड्याकडून कर्ज घेतले, आणि तेही त्याला न विचारता. मी ज्या वह्या पाहतो त्यांत मार्च-एप्रिलचा निम्मा खर्च गड्यांच्या साचलेल्या पगारातून निघालेला असतो. म्हणजे ज्याला आपण उचल देऊन उपकार केला असे समजतो, तोच हंगामभर आपला सावकार असतो, बिनव्याजी आणि बिनकागदाचा.

यावर उपाय कुराणातच आहे. संपूर्ण कुराणातली सर्वांत लांब आयत नमाजवर नाही, रोजावरही नाही. ती सूरह बकराची 282वी आयत आहे आणि ती देणेघेणे लिहून ठेवण्याबद्दल आहे. मुदत लिहा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, आणि मजकूर सांगायचा तो ज्याच्या अंगावर देणे आहे त्याने. मालक आणि गडी यांच्यात देणेकरी मालक आहे. तेव्हा लिहून देण्याची जबाबदारी तुमची. प्रत्येक गड्याला छोटी वही द्या, दोन प्रती ठेवा: एक त्याच्याकडे, एक तुमच्याकडे. आल्या दिवशी रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा; मजुरी सांगितल्याशिवाय माणूस कामाला लावू नये, असेही हदीसमध्ये आले आहे. महिनाअखेरीस भरलेले दिवस, दिलेली खर्ची, फिटलेली उचल आणि शिल्लक अशा चार ओळी लिहून सही किंवा अंगठा घ्या. नेपाळी भाषा देवनागरीतच लिहितात, त्यामुळे शिकलेल्या गड्याला आकडे आणि नावे वाचायला अडचण येत नाही. ज्याला येत नाही त्याला त्यांच्यातलाच दुसरा वाचून दाखवतो, आणि साक्षीदारही आपोआप मिळतो. शिल्लक रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. हंगामात पैसे कमी पडत असतील तर गड्याला सांगून, लिहून, मुदत ठरवून उसने घ्या. आणि तो मध्येच म्हणाला, घरी आई आजारी आहे, सगळे द्या, तर त्याच दिवशी देता आले पाहिजेत.

उचलीचा दुसरा पदर याहून नाजूक आहे. गावात रोज 500 चालू असताना उचल घेतलेल्या गड्याला 450 देणे ही जुनी रीत. कोणी त्याला व्याज म्हणत नाही. पण ज्या कर्जातून देणाऱ्याला फायदा होतो ते कर्ज म्हणजे रिबा (निषिद्ध व्याज), हा फकीहांचा, म्हणजे इस्लामी कायदेपंडितांचा, सर्वमान्य नियम आहे. 50 रुपये कमी रोज हा त्या कर्जाचा फायदाच झाला. आपण बँकेच्या व्याजाबद्दल इतके हळवे असतो, आणि हे व्याज मात्र आपल्याच शेडमध्ये, आपल्याच हाताने घेतले जाते. ही कुचंबणा बागायतदाराला वेगळी समजावून सांगायला नको. वाशीच्या दलालाकडून हंगामाआधी रक्कम घेतली की माल त्याच्याच गाळ्यावर पाठवावा लागतो आणि पट्टीवर जो दर येईल तो मुकाट घ्यावा लागतो. तिथे आपण ज्या जागी उभे असतो, तिथेच गडी आपल्यासमोर उभा असतो. उचल जरूर द्या, ती गरजू माणसाची सोय आहे. पण रोज सगळ्यांना सारखा ठेवा, आणि उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जायचे नाही अशी अट घालू नका. बुखारीच्या हदीससंग्रहात एक हदीस-ए-कुदसी, म्हणजे अल्लाहच्या शब्दांतली हदीस, आहे: कयामतीच्या दिवशी तीन माणसांविरुद्ध अल्लाह स्वतः फिर्यादी असेल. माझे नाव घेऊन वचन देऊन ते मोडणारा, स्वतंत्र माणसाला विकून पैसे खाणारा, आणि मजुराकडून काम पुरे करून घेऊन मजुरी न देणारा. या तिघांना एकाच ओळीत बसवले आहे, ते मला फार विचार करायला लावते.

राहणे-खाणे आणि काम याबद्दल बुखारीतलीच दुसरी हदीस पुरते: तुमच्या हाताखालची माणसे तुमचे भाऊ आहेत, तुम्ही खाता त्यातले त्यांना खाऊ घाला, झेपणार नाही एवढे काम लादू नका, लादलेच तर स्वतः मदतीला जा. व्यवहारात याचा अर्थ: खोपीला पक्की जमीन आणि दिवा, कारण रात्री साप-विंचू निघतात. फवारणीला मास्क, हातमोजे आणि काम संपल्यावर साबण-पाणी. शेडमधल्या बायकांना दार लागणारे संडास. हे शेवटचे फार शेडमध्ये नसते. बायका दिवसभर पाणी न पिता काम करतात, आणि आपण त्यांना मेहनती म्हणतो.

गडी मुसलमान नाहीत म्हणून हे नियम सैल होतात, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. हिजरतच्या, म्हणजे मक्का सोडून मदिनेला जाण्याच्या, अवघड प्रवासात पैगंबर (स.) आणि अबू बक्र (र.) यांनी पगारी वाटाड्या म्हणून घेतला तो अब्दुल्लाह इब्न उरैकित तेव्हा मुसलमान नव्हता, वाटेचा जाणकार होता आणि शब्दाचा पक्का होता. सूरह कसस मध्ये मदयनची मुलगी वडिलांना म्हणते, ज्याला कामाला ठेवाल त्यांत उत्तम तो जो बलवान आणि विश्वासू. माणूस निवडायचे हे दोन निकष. जमातीतला आहे, मेव्हण्याचा मुलगा आहे, हे निकष त्यात नाहीत. त्याच प्रसंगात तो वृद्ध बाप मूसा (अ.) यांना मुदत स्पष्ट सांगतो, आठ वर्षे; दहा केलीस तर ती तुझी मर्जी; मी तुला कष्टात टाकू इच्छित नाही. कामाचा करार कसा असावा याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

आता चाचांच्या मुद्द्याकडे येतो. नमाजची जागा करा, स्वच्छ, सावलीची, पाण्याजवळ. दुपारी बाकीच्यांना पाठ टेकायला तशीच दुसरी जागा करा, म्हणजे सोय एकाचीच झाली असे वाटणार नाही. शुक्रवारच्या पूर्ण सुट्टीचा हुकूम कुराणात नाही. सूरह जुमुआ सांगते की अजान झाली की खरेदी-विक्री सोडा आणि नमाज झाली की पुन्हा जमिनीवर पांगा, अल्लाहची देणगी शोधा. म्हणजे नमाजनंतर पुन्हा काम आहेच. आणि आपल्या धंद्याला हे जमणारे आहे. आंबा सकाळच्या गारव्यात उतरवायचा, उन्हे चढली की थांबायचे आणि संध्याकाळी उन्हे कलल्यावर पुन्हा लागायचे, ही चांगल्या तोडणीची पद्धत आहे. भर उन्हात काढलेले फळ तापलेले असते आणि टिकत नाही. तेव्हा दुपारची मोठी विश्रांती सगळ्यांना द्या. त्यात जोहर (दुपारची नमाज) होते, शुक्रवारी जुम्मा (शुक्रवारची सामूहिक नमाज) होतो, आणि हिंदू गड्याला ती आपल्यावर लादलेली वाटत नाही कारण तोही झोपलेला असतो. एप्रिल-मेमध्ये माणसाच्या जिवासाठीही ती हवीच. दुबईत उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचे काम कायद्याने बंद असते. आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी ते गड्यांना विचारून ठरवा. सल्लामसलतीने कारभार करणाऱ्यांची कुराणात स्तुती आहे, आणि हा विषय त्याच्यासाठी अगदी योग्य आहे. आयत लावायची की नाही हे तुमच्या घरचे ठरवा. वह्या चोख झाल्यावर लावलीत तर तिचा मान राहील.

बागेचा करार हा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा प्रश्न, आणि खरेदीदाराच्या फॉर्ममधल्या झाडांच्या रकान्याचे खरे उत्तरही इथेच आहे. मोहोर यायच्या आधीच बाग एकरकमी घ्यायची आपली रीत. बागेचा मालक मुंबईत. गणपतीला गावी येतो तेव्हा त्याला हातात पैसे हवे असतात. झाडावर फळ नसते, मोहोरही नसतो, आणि सौदा होऊन जातो. पुढे थंडी पडली नाही, थ्रिप्स किडीने मोहोर जाळला, मार्चमध्ये अवकाळी आला की घेणारा बुडतो. भरघोस आले की मालक म्हणतो, मला फसवले. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे की फळ उपयोगाचे झाल्याचे दिसेपर्यंत ते विकायला पैगंबरांनी (स.) मनाई केली आणि विचारले, अल्लाहने फळ रोखले तर आपल्या भावाचे पैसे तुम्ही कशाच्या बदल्यात घ्याल? मदिनेच्या खजुरांच्या बागांत याच कारणावरून तंटे होत होते. हा प्रश्न आपल्या हापूसच्या बागेत उभे राहून विचारल्यासारखा आहे.

मग करायचे काय? एक वाट म्हणजे वाटा. झाडे मालकाची, मेहनत-औषध-राखण तुमची, आणि फळ ठरलेल्या हिश्शाने: निम्मे-निम्मे, साठ-चाळीस, जे ठरेल ते. मात्र हिस्सा हवा, ठरावीक पेट्या नव्हेत. खैबरच्या बागा पैगंबरांनी (स.) तिथल्या यहुदी रहिवाशांकडेच निम्म्या उत्पन्नावर कसायला ठेवल्या होत्या, त्यामुळे मालक हिंदू असला तरी या भागीदारीला काही बाधा नाही. शाफई मजहबात मुसाकात, म्हणजे हा वाट्याचा करार, खजूर आणि द्राक्षापुरता मानणारे मत प्रबळ आहे. सगळ्या फळझाडांना लागू करणारे मतही आहे. आलिमांना नेमका हाच प्रश्न विचारा. दुसरी वाट म्हणजे फळ झाडावर तयार होताना पाहून मग घेणे. भाव जास्त पडेल, पण दोघांनाही माल दिसत असेल. तिसरी म्हणजे बाग राखण्याची मजुरी मालकाकडून घ्यायची आणि फळाचा सौदा वेळेवर वेगळा करायचा. मुंबईच्या मालकाला एकरकमीच हवे असेल तर सरळ उत्तर माझ्याकडे नाही. काही फकीहांनी जमिनीसकट बाग काही वर्षांच्या भाड्याने घेण्याला वाट ठेवली आहे, पण ती सर्वांना मान्य नाही. मी अशा मालकांना तीन हंगामांचे आकडे मांडून दाखवतो. वाट्याने सरासरी किती पडले असते हे दिसले की बरेच जण तयार होतात. सगळे होत नाहीत.

कोणताही करार करा, आपत्तीचे कलम घाला. तयार फळाचा सौदा झाल्यावरही गारपीट-वादळ झाले तर घेणाऱ्याला सूट द्यावी, असे मुस्लिमच्या हदीसमध्ये आहे. इमाम मालिक यांच्याकडे नुकसान एक तृतीयांशापर्यंत गेले की सूट देणे बंधनकारक. शाफईंच्या प्रबळ मतात ती सक्तीची नाही, पण चांगली मानलेली आहे. मी कलमात एक तृतीयांशच लिहितो आणि नुकसान मोजायला कृषी सहायक-तलाठ्यांचा पंचनामा धरतो. सौदा होताना दोघे खुशीत असतात तेव्हाच हे लिहून घ्यावे. वादळ झाल्यावर कोणी लिहून देत नाही.

आता कल्टार, म्हणजे झाडाची वाढ रोखणारे औषध. पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, झाडाच्या बुंध्याभोवती हे घातले की पालवीची वाढ थांबते आणि मोहोर लवकर आणि दरवर्षी येतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने मात्रा ठरवून दिली आहे: झाडाच्या घेराच्या व्यासाला दर मीटरमागे 3 मिली. योग्य मात्रेत, खतपाण्यासकट वापरले तर त्याचा फायदा आहे. पण बाग एका वर्षासाठी घेतलेल्याला मात्रा पाळण्याचे कारण काय? तो दुप्पट घालतो, लवकरचा आंबा बाजारात नेतो आणि निघून जातो. पुढच्या वर्षांत पालवी आखूड होते, पानांचे झुपके होतात, झाड थकते, आणि ते मालकाच्या पदरात पडते. स्वतःला नुकसान नको, दुसऱ्यालाही करायचे नाही, ही हदीस फिकहचा पायाभूत नियम मानली जाते. परक्याचे झाड ही अमानत असते. कयामतीच्या घडीलाही हातातले रोप लावा, ही हदीस पर्यावरणाच्या प्रत्येक भाषणात येते. आपल्या पट्ट्यात मात्र लावलेल्या, 40-50 वर्षांच्या कलमांना आपणच पिळून काढतो आहोत. करारात कल्टारची मात्रा लिहा, घालताना मालकाचा माणूस हजर ठेवा, शेणखत आणि छाटणी कोणाकडे ते लिहा, आणि मुदत पाच वर्षांच्या खाली नको. वाट्याचा करार असेल तर झाडावर दोघांचीही नजर राहते, म्हणूनही तो मला जास्त आवडतो. औषध कालवायचा ड्रम विहिरीपासून लांब न्या. विहिरीभोवती 40 हात जागा राखीव ठेवण्याबद्दल रिवायत (हदीसचे कथन) आहे. ती गुरांच्या पाण्यासाठी होती, पण कीटकनाशकाच्या काळात ती जास्तच लागू आहे.

पेटीबद्दल तुम्ही विचारले नाही, पण सांगतो. बाजारातून जाताना पैगंबरांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला तर आत ओल लागली. विकणारा म्हणाला, पावसाने भिजले. त्यांनी विचारले, मग भिजलेले वर का नाही ठेवलेस, लोकांना दिसले असते. जो फसवतो तो माझ्यातला नाही. हे वाचून आपली पेटी आठवायला हवी: वर 300 ग्रॅमचे फळ, खाली 200चे. थर सारखा भरा, वजनाची प्रत खोक्यावर लिहा. साका, म्हणजे गरातला आतला दोष, बाहेरून दिसत नाही, त्यामुळे तो निघाला म्हणून तुम्ही फसवले असे होत नाही. पण लपलेला दोष निघाला तर गिऱ्हाइकाला माल परत करायचा किंवा भरपाई मागायचा हक्क आहे, आणि तो तुम्ही आपणहून मान्य करावा. अमुक बागेत दरवर्षी साका जास्त निघतो हे तुम्हाला माहीत असेल तर मात्र सांगणे भाग आहे. कर्नाटकचा आंबा आपल्या नावाच्या खोक्यात भरणे तर 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून कायद्यानेही गुन्हा ठरू शकते. फळ पिकवायला कार्बाइड वापरणे अन्नसुरक्षेच्या नियमांत बंदच आहे. अढी घाला, नाहीतर ठरलेल्या मर्यादेत इथिलीनवर पिकवा.

पैशाचे बोलायचे तर इथे इस्लामी बँक नाही. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये तो विचार बाजूला ठेवला. म्हणून आज पीककर्जावर चालणाऱ्या माणसाला एका दिवसात सगळे सोडा असे मी सांगत नाही. तुमच्यापुढे मात्र एक चांगली संधी आहे. तुमचा परदेशी खरेदीदार. सलमचा करार त्याच्याशी होऊ शकतो: पूर्ण किंमत आज, माल ठरलेल्या वजनाचा, ठरलेल्या प्रतीचा, ठरलेल्या तारखेला. मदिनेत खजुरांसाठी लोक असे करत होते आणि पैगंबरांनी (स.) माप, वजन आणि मुदत स्पष्ट असावी एवढी अट घातली. एक पथ्य पाळा, अमुक बागेचाच आंबा असे त्यात लिहू नका, कारण त्या बागेला फळ येईलच असे नाही, प्रत लिहा. सगळा माल असा विकू नका. थोडा विकला तरी मार्चमधली ओढाताण कमी होते, आणि गड्यांच्या साचलेल्या पैशाला हात लावायची वेळ येत नाही.

जकातीबद्दल, म्हणजे गरजूंना द्यायच्या धार्मिक दानाबद्दल, एकच. रमजानमध्ये मुसलमान कामगारांना जकात देऊन तोच बोनस धरणारे मालक मी पाहिले आहेत. बोनस ठरलेला असेल तर ते तुमचे देणे आहे, आणि आपले देणे जकातीतून फिटत नाही. गरजू कामगाराला जकात वेगळी, बोनस वेगळा, आणि बोनस सगळ्यांना, धर्म न पाहता.

आता तो फॉर्म. घाबरून जाऊन कोणाकडून भरून घेऊ नका. मजुरी आणि तास गड्यांच्या वहीतून लिहा, औषधे फवारणीच्या वहीतून, झाडांची निगा करारातून. निर्यातीसाठी बागेची नोंदणी अपेडा या केंद्राच्या निर्यात संस्थेच्या मँगोनेट या नोंदणी व्यवस्थेवर करावी लागते, तिथेही हीच माहिती लागते. जे अजून झालेले नाही तिथे 'अजून झाले नाही, या हंगामात करणार' असे लिहा. सौद्यात दोघांनी खरे सांगितले आणि दोष उघड केला तर त्यात बरकत, हा हदीसमधला शब्द आहे. माझा अनुभवही असा की खरेदीदार कोऱ्या रकान्याला पाठ फिरवत नाही, खोट्या रकान्याला फिरवतो.

तुमच्याकडे वेळ आहे. कल्टारची वेळ जुलै-ऑगस्ट, गडी त्यानंतर येणार. तेव्हा या पावसाळ्यात आधी बागमालकांशी बोला आणि जिथे मात्रा लिहून घ्यायला मालक तयार असेल ती एक बाग वाट्याने करून पाहा. गड्यांच्या वह्या छापायला शंभरेक रुपयांपलीकडे खर्च नाही. त्या पहिल्या गड्याच्या आधी तयार ठेवा. गेल्या हंगामात कोणाचा हिशेब तोंडी झाला असेल आणि तो यंदा परत येणार असेल, तर आल्याबरोबर जुना हिशेब त्याच्यासमोर पुन्हा मांडा आणि काही निघत असेल तर नवी उचल देण्याआधी ते द्या. कराराचा कच्चा मसुदा केलात तर नावे-गट नंबर खोडून इथे टाका, मी कलमे पाहून सांगतो.